होबाप्पाची नेमणूक

चंद्रभान चर्जनच्या तोंडातून आयुष्यात कधी 'नाही' निघालं नाही, असं परतवाड्याच्या बिच्छन नदीकाठच्या गुजरीत सांगत. गुजरी म्हणजे रोजचा भाजीबाजार. तिथं लोक वांग्याचं वजनसुद्धा वाढवून सांगतात, पण या एका बाबतीत कोणी भर घातलेली नव्हती. चंद्रभानला काहीही विचारा, प्रश्न संपायच्या आत 'हो बाप्पा' हजर. त्यामुळे त्याचं चर्जन हे आडनाव फक्त रेशन कार्डावर उरलं होतं. बाकी सगळीकडे तो होबाप्पा.

एकदा त्याला मोर्शीला मेहुण्याच्या साखरपुड्याला जायचं होतं. स्टँडबाहेर जीपवाल्याने विचारलं, धारणी का? हा हो म्हणाला आणि बसला. सेमाडोहाचं जंगल लागलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मोर्शीच्या वाटेवर एवढे साग नाहीत. तेवढ्यात शेजारच्याने विचारलं, धारणीलाच ना? तेव्हाही हो. मेहुण्याचा साखरपुडा मोर्शीत झाला, आणि चंद्रभान धारणीत कोणा अनोळखी माणसाच्या घरचं बारसं जेवून दुसऱ्या दिवशी परत आला. बारशाला थांबता का, असं त्यांनी विचारलं होतं.

लग्नही असंच जमलं. मुलगी पाहायला गेला तेव्हा होणाऱ्या सासऱ्याने विचारलं, पोहे अजून घेता? हो. मुलगी पसंत? हो. बेबीताई पंचवीस वर्षं सांगत आली होती की माहा नंबर पोह्याच्या मागून लागला. पण तिचंही मन नवऱ्यावर होतं. घरातले सगळे नकार द्यायचं काम तिने स्वतःकडे घेतलं होतं, आणि ती ते दोघांच्या वाट्याचं करत असे.

तर अशा माणसाला गुजरीचे पुढारी केशवराव यांनी न्यायाधीश केलं. काहून केलं, हे सांगायचं तर आधी गुजरीचं वरचं कोर्ट सांगावं लागेल.

गुजरीच्या मधोमध कडुनिंब आणि त्याला दगडी पार. ओट्यावरून, मापावरून, पाण्याच्या बादलीवरून भांडण झालं की आधी शेजारचे सोडवत, मग ओळीतला म्हातारा, आणि तिथंही नाही सुटलं तर पारावर बसणारे तीन पंच. त्यांनाच वरचं कोर्ट म्हणत. त्याच्या वर कोणी नाही. पोलिसांकडे जाणाऱ्याशी गुजरीत कोणी बोलत नसे. मोतीराम तायडे हे थोरले पंच. ते अचलपूरच्या कोर्टातून बेलिफ म्हणून रिटायर झालेले, आणि आता स्वतःच्या वावरातली गवार-भेंडी विकायला बसत. दुसऱ्या वच्छलाबाई, कांदेवाल्या. तिसरे नत्थुजी, जुने मापारी. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्यांना कोणाचा वशिला पोचत नसे.

या कोर्टाची रीत एकच होती, पण पक्की. ज्याची फिर्याद, त्याचा झाडू. निवाड्याच्या दिवशी पहाटे फिर्यादीने पार स्वतःच्या हाताने झाडायचा. ज्याच्या हाताने पार झाडला, तोच पंचांना सवाल करणार. सवाल एकच, आणि प्रत्येक पंचाने त्याचं उत्तर हो किंवा नाही, एवढ्या एका शब्दात द्यायचं. जुनी माणसं म्हणत की झाडता झाडता अर्धा राग पाल्याबरोबर निघून जातो. खरंही असावं, कारण कित्येक फिर्यादी पार झाडून, झाडू टेकवून, निवाड्याआधीच घरी गेलेले होते.

गुजरीच्या फाटकाशी पार्बताबाईचा ओटा होता. अंबाडी, चिवळ, घोळ असल्या रानभाज्या ती तिथं तीस वर्षं विकत होती, आणि ओट्याचा एकेक दगड तिने बिच्छनच्या पात्रातून स्वतः डोक्यावर वाहून आणलेला होता. फाटकातली जागा, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पडणारच. त्या जागेवर सागरची नजर पडली. सागर हा केशवरावांचा पुतण्या. त्याला तिथं मोबाईलची कव्हरं आणि चार्जर विकायचे होते. त्याने एक दिवस आपलं टेबल अर्ध्या ओट्यावर आणून ठेवलं. पार्बताबाईने पार झाडला, सवाल केला, तिन्ही पंच हो म्हणाले, आणि सागरला टेबल उचलावं लागलं.

केशवरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते भाजीविक्रेता संघाचे अध्यक्ष, नगरपरिषदेच्या तिकिटाच्या रांगेत उभे, आणि त्यांच्या पुतण्याचं टेबल एका चिवळवालीने उचलायला लावलं. त्यात त्या वर्षी आपल्या अमरावतीचा माणूस दिल्लीला सगळ्यात वरच्या कोर्टात पहिल्या खुर्चीवर बसलेला होता, त्यामुळे परतवाड्यापासून मोर्शीपर्यंत ज्याला त्याला कायदा कळायला लागला होता. केशवरावांनाही लागला. त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात सांगितलं होतं की फार वर्षांपूर्वी अमेरिकेच्या एका अध्यक्षाचं तिथलं वरचं कोर्ट ऐकत नव्हतं, तेव्हा त्याने नऊ जजांचे पंधरा करायचं काढलं होतं. पुढं काय झालं ते केशवरावांनी पाहिलं नाही, कारण मध्येच फोन आला.

संघाच्या बैठकीत त्यांनी ठराव मांडला: तीनाचे नऊ पंच. गुजरी वाढली, कोर्ट का वाढू नये?

मोतीराम उठले. ते म्हणाले की असले खेळ आपल्या देशातही झाले. पन्नासेक वर्षांपूर्वी दिल्लीत तीन ज्येष्ठ जजांना डावलून चौथ्याला वर बसवलं, तेव्हा त्या तिघांनी राजीनामे दिले. पुढं सरकारने जज निवडायला नवी समिती केली, ती कोर्टानेच रद्द केली. कोर्टाला हात घालताना दहादा विचार करावा. केशवराव म्हणाले की तुम्ही कोर्टात चपराशी होता, सरन्यायाधीश नव्हता. मोतीराम शांतपणे म्हणाले, "बेलिफ होतो."

लोकांत कुजबुज वाढली तेव्हा केशवरावांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला की रीत तीच राहील, तिचं अक्षर बदलणार नाही, फक्त पंच वाढतील. मोतीरामांनी ते वाक्य जसंच्या तसं ठरावाच्या वहीत लिहिलं आणि खाली केशवरावांची सही घेतली. बेलिफाला सही घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

मग केशवरावांनी सहा पंच शोधले. शिक्षण नको, वय नको, ज्याची मान फक्त वरून खाली हलते असा माणूस हवा. एक बटाट्याचा ठोकवाला मिळाला, जो केशवरावांच्या शिंकेलाही हो म्हणत असे. त्यांच्या मेव्हण्याचा भागीदार मिळाला. त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून न बसणारे आणखी तिघं मिळाले. आणि सहाव्या जागेसाठी तर विचारच करावा लागला नाही.

चंद्रभान मेथीवर पाणी शिंपडत होता. केशवरावांनी विचारलं, गुजरीसाठी एक काम करशील का? हो बाप्पा. पंच होशील? हो बाप्पा. केशवराव गेले तेव्हा कुठे त्याच्या हातातला तांब्या थांबला.

शुक्रवारी केशवरावांच्या अंगणात सहाही जणांना जरीकाठाचा दुपट्टा आणि दह्यातला गिला वडा मिळाला, आणि तालीम झाली. पुढच्या मंगळवारी सागर फेरफिर्याद करणार होता. तो विचारेल, हा ओटा माहा हाय का? तुम्ही हो म्हणायचं. "हो सोडून दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाई," असं केशवराव दोनदा म्हणाले. ठोकवाला तर दही पुसत पुसत तिसऱ्यांदाही हो म्हणाला.

घरी बेबीताई आधी खूश झाली, कारण शेजारणी तिला पंचीणबाई म्हणायला लागल्या होत्या. मग तिने विचारलं की निवाडा कशाचा हाय. चंद्रभानने सांगितलं. ती गप्प झाली, आणि बेबीताई गप्प झाली की घरातलं मांजरसुद्धा बाहेर जाई.

बावीस वर्षांपूर्वी दोघं गावाकडून मेथीचं गाठोडं घेऊन या गुजरीत आले होते, तेव्हा त्यांना कोणी बूड टेकवू देईना. प्रत्येकाने पुढं जा म्हटलं, आणि चंद्रभान प्रत्येकाला हो म्हणत फाटकाबाहेर निघालाच होता. तेव्हा पार्बताबाईने आपली चिवळीची टोपली सरकवली आणि म्हणाली, बस. कोण, कुठला, काही विचारलं नाही. दुपारी आपल्या भाकरीतली अर्धी भाकर दिली. पंधरासोळा वर्षं चंद्रभान त्या अर्ध्या ओट्यावर बसला. मग केशवरावांनी त्याला टिनाच्या शेडखाली जागा दिली. पालेभाजीवाल्याला टिनाची सावली म्हणजे काय ते त्यालाच विचारा: उन्हातली मेथी अकराला मान टाकते, सावलीतली संध्याकाळपर्यंत ताठ राहते. ती सावली केशवरावांच्या हातात होती.

"नाई म्हणाले शिका," बेबीताई म्हणाली. "मंगळवारले अजून चार दिवस हायत."

तिने शाळा सुरू केली. चहा घेता? हो. पुन्हा. चहा घेता? चंद्रभानने तोंड वाकडं केलं, डोळे मिटले, 'ना' पर्यंत आला आणि त्याला शिंक आली. तिसऱ्या दिवशी दुपारी एकदाचं निघालं, "नाई." बेबीताईने कप उचलून स्वतःच चहा पिऊन टाकला आणि संध्याकाळपर्यंत दुसरा केला नाही. नकार किती महाग पडतो, हे चंद्रभानला त्या दुपारी कळलं. त्यानंतर तो घरात कोणी नसताना मांजराला नाही म्हणून पाहत असे. मांजरापुढं जमायचं. पण समोर माणूस आला की जिभेवर पुन्हा तेच.

मंगळवारी पहाटे पाचला चंद्रभानला सागरचा फोन आला. त्याची झोप झाली नव्हती. पार झाडणं त्याला कमीपणाचं वाटत होतं, पण तसं तो म्हणाला नाही. काका, माह्या नावानं तुमीच झाडून घ्या ना, म्हणाला. चंद्रभानने हो म्हणून झाडू उचलला.

पारापाशी पार्बताबाई आधीच बसलेली होती. तिलाही झोप लागली नव्हती. तिने झाडू पाहिला आणि सागरच्या नावाने झाडतोस का, असं विचारलं. तो हो म्हणाला आणि खाली पाहत राहिला. तिने पारावरचा पाला मुठीत गोळा केला. मग म्हणाली, "चंद्रभान, आज मी झाडू का? उद्यापासून इकडं येणं कायचं."

म्हातारी भोळी होती असं कोणी समजू नये. तीस वर्षं गुजरीत बसलेली बाई भोळी राहत नाही. तिने काय मागितलं ते तिला कळत होतं, आणि महत्त्वाचं म्हणजे चंद्रभानलाही कळत होतं. एरवी प्रश्न संपायच्या आत त्याचं उत्तर निघत असे. या वेळी मध्ये एवढा वेळ गेला की चहावाल्याने स्टोव्ह पेटवून त्यावर पातेलंही ठेवलं. मग चंद्रभान हो म्हणाला आणि त्याने झाडू तिच्या हातात दिला.

आठला कोर्ट बसलं. पार तिघांच्या मापाचा, त्यावर नऊ पंच चढले. दोघांचे पाय लोंबकळत होते, मेव्हण्याच्या भागीदाराच्या पाठीत निंबाची गाठ रुतत होती, आणि नत्थुजी दर थोड्या वेळाने विचारत होते की एवढे लोक कोण मेलं म्हणून आले. सागर केसांना जेल लावून हजर झाला. आजूबाजूला सगळी गुजरी उभी.

मोतीरामांनी विचारलं, पार कोणाच्या हाताने झाडला? सागरने चंद्रभानकडे बोट केलं, माझ्या नावाने या काकांनी. चंद्रभानने काही न बोलता पार्बताबाईकडे बोट केलं. बोलायचं नसेल तर त्याला खरं सांगणं सोपं जाई. चहावाल्याने साक्ष दिली, आणि साक्षीची तशी गरजही नव्हती, कारण तिच्या लुगड्याला निंबाचा पाला चिकटलेला होता.

केशवराव उसळले. फिर्याद सागरची, सवाल सागरच करणार, ही असली झाडूची रीत कोण मानतं? मोतीरामांनी वही उघडली आणि मोठ्याने वाचलं: रीत तीच राहील, तिचं अक्षर बदलणार नाही. खाली सही होती. केशवरावांनी आपल्याच सहीकडे पाहिलं आणि ते बसले.

पार्बताबाई उभी राहिली. पदर नीट करून तिने एकेका पंचासमोर जाऊन विचारलं, "हा ओटा माहा हाय का?"

मोतीराम हो. वच्छलाबाई हो. नत्थुजींना दोनदा विचारावं लागलं, पण हो. मग बटाट्याचा ठोकवाला. त्याला तालमीत सांगितलेलं सगळं पाठ होतं. त्याने छाती फुगवून खणखणीत हो म्हटलं आणि शाबासकीसाठी केशवरावांकडे पाहिलं. केशवरावांच्या तोंडाचा रंग पाहून त्याला वाटलं की आवाज कमी पडला, म्हणून त्याने पुन्हा एकदा हो म्हटलं. मोतीरामांनी एकच लिहिला.

चार हो झाले. आता केशवरावांना रीतीची लाज उरली नाही. ते उभं राहून उरलेल्यांना खुणा करू लागले, डोळे वटारू लागले, मान डावीउजवीकडे इतकी हलवू लागले की चष्मा नाकावरून घसरला. उरलेल्यांतले चौघं हुशार निघाले. एकामागून एक नाई, नाई, नाई, नाई.

चार आणि चार. उरला होबाप्पा.

पार्बताबाई त्याच्यासमोर आली. तिच्या मागे केशवराव, आणि त्यांच्या मागे दूर टिनाचं शेड, सकाळच्या उन्हात चमकणारं. चंद्रभानला तिन्ही एकाच वेळी दिसत होती. तिने विचारलं, "चंद्रभान, हा ओटा माहा हाय का?"

"हो," चंद्रभान म्हणाला.

पाच विरुद्ध चार. मोतीरामांनी वही मिटली आणि वच्छलाबाईंनी पार्बताबाईच्या पाठीवर थाप मारली.

आता खरं म्हणजे गुजरीने चंद्रभानला खांद्यावर घ्यायचं. पण गुजरी हसत सुटली. अरे, होबाप्पाच तो, त्याच्या तोंडातून दुसरं निघणार काय? कोंबडा आरवला तर त्याचं कौतुक करतं का कोणी? दोन दिवस जो तो येऊन त्याला मुद्दाम काहीबाही विचारत होता. चंद्र गुजरीत उतरला का? हो म्हण ना, होबाप्पा. चंद्रभानला फार वाईट वाटलं. आयुष्यात एकच हो त्याने मोजूनमापून म्हटला होता, आणि तोच कोणी खरा मानेना. रात्री बेबीताईनेही विचारलं, "मनानं म्हणले का सवयीनं?"

"मनानं," तो म्हणाला. बेबीताईने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि न विचारता चहा ठेवला.

केशवरावांनी मात्र त्या हसण्यात वाट शोधली. गुरुवारी ते टिनाखाली आले. सोबत सागर, आणि ओढून आणलेले मोतीराम वहीसह. आजूबाजूच्या तराजूंचा आवाज थांबला. केशवरावांचा आवाज मधासारखा झाला होता. ते म्हणाले की पंचानेच आपली चूक कबूल केली तर निवाडा पुन्हा घेता येतो, यात कोणाचा अपमान नाही, आणि टिनाखालची जागा चंद्रभानचीच राहील, तिला कोणी हात लावणार नाही. मग ते खाली वाकले.

"चंद्रभान, ते सवयीनं निघालं ना तुह्या तोंडातून? चूक झाली ना?"

सापळा चांगला लावला होता. होबाप्पासाठीच बनवलेला. प्रश्नही असा की हो म्हटलं की काम झालं, आणि माणूसही असा की हो शिवाय काही येत नाही. सागर तर मनातल्या मनात चार्जर मांडायला लागला होता. फाटकापाशी पार्बताबाईचा चिवळ निवडणारा हात थांबला.

चंद्रभानने तोंड उघडलं. जिभेवर नेहमीचं अक्षर आलंच होतं, पन्नास वर्षांची सवय. त्याने तोंड पुन्हा मिटलं. त्याला तो न मिळालेला चहा आठवला.

"नाई," तो म्हणाला.

केशवरावांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, "चूक झाली ना?"

"नाई," चंद्रभान म्हणाला. दुसरं पहिल्याहून सोपं होतं.

मोतीरामांनी वहीत काहीच लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं. जो निवाडा झाला होता तो तसाच होता. पण त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. केशवराव वळून गेले, आणि जाताजाता सागरला म्हणाले की उद्यापासून ही टिनाची जागा तू घे.

चंद्रभान उद्याची वाट पाहत बसला नाही. त्याने मेथीची टोपली डोक्यावर घेतली, ओलं पोतं काखेत मारलं आणि गुजरीतून सरळ चालत फाटकाशी गेला. कोणी हसलं नाही. पार्बताबाईने त्याच्याकडे न पाहता चिवळीची टोपली सरकवली. तो बसला.

ऊन तापलं होतं, मेथी माना टाकायला लागली होती. एक गिऱ्हाईक थांबलं, जुड्या उलटसुलट करून पाहिल्या आणि विचारलं, "वीसच्या चार देता का?"

चंद्रभानचं तोंड उघडलं. त्यातून 'ह' बाहेर पडायच्या आत पार्बताबाई, मान वर न करता, चिवळ निवडत म्हणाली, "नाई देत."

गिऱ्हाइकाने तीन घेतल्या.